एएलएसविषयी जनजागृती: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

घरातल्या, कचेरीतल्या किंवा ओळखीतल्या कोणाला एएलएस झाल्याचे कळले, की पहिला धक्का ओसरल्यावर बहुतेकांच्या मनात 'हे लोकांना कळायला हवे' असा विचार येतो आणि लगेच फलक, चित्रफिती, फेरी यांची जुळवाजुळव सुरू होते. हेतू चांगला असतो. क्रम मात्र चुकतो. हा आजार दुर्मीळ आहे, त्यामुळे भोवतालच्या माणसांनी तो पूर्वी पाहिलेला नसतो. आणि तो वेगाने वाढतो, त्यामुळे शिकायला सवड मिळत नाही. जानेवारीत काठी घेऊन चालणारी व्यक्ती दिवाळीपर्यंत व्हीलचेअरवर असू शकते. म्हणून एएलएसच्या बाबतीत जागृतीचा कस एवढाच, की कोणती गोष्ट कोणाला वेळेआधी कळली. पुढे दिलेला क्रम हाच विचार धरून मांडला आहे.

पहिली पायरी: आजार नीट समजून घ्यावा

अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस हे या आजाराचे पूर्ण नाव. फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६९ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १८७४ मध्ये हे नाव रूढ केले. मेंदूकडून स्नायूंकडे हालचालीचे आदेश नेणाऱ्या प्रेरक चेतापेशी मेंदूत आणि मज्जारज्जूत असतात. या आजारात त्या एकेक करून नष्ट होतात आणि आदेश न मिळालेले स्नायू दुबळे होतात, त्वचेखाली फडफडतात, आखडतात आणि झिजतात. त्यामुळे 'स्नायूंचा आजार' ही ओळख अर्धीच खरी आहे. नावातल्या 'स्क्लेरोसिस'मुळे मल्टिपल स्क्लेरोसिस या पूर्णपणे वेगळ्या आजाराशी त्याची गल्लत होते, आणि काही देशांत मोटर न्यूरॉन डिसीज किंवा एमएनडी हे नाव अधिक चालते. पत्रकात ही दोन्ही स्पष्टीकरणे एका ओळीत द्यावीत, म्हणजे पुढचे निम्मे प्रश्न आपोआप मिटतात.

ज्या देशांत नोंदी नीट ठेवल्या जातात, तिथे दर वर्षी लाखातल्या साधारण दोघांना हा आजार झाल्याचे आढळते. सुमारे ९० टक्के रुग्णांच्या कुटुंबात पूर्वी कोणालाही तो झालेला नसतो. लक्षणे सुरू झाल्यापासून बहुतेकांना दोन ते पाच वर्षे मिळतात, तर दहातली साधारण एक व्यक्ती दहा वर्षांहून अधिक जगते. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी निदान सांगण्यात आले आणि त्यानंतर ते ५५ वर्षे जगले. परंतु हे उदाहरण अपवादात्मक आहे. भाषणाची सुरुवात त्यांच्यापासून करण्याचा मोह सर्वांना होतो. समोर नुकतेच निदान झालेले कुटुंब बसलेले असेल, तर ते एकतर खोटी आशा घेऊन घरी जाते किंवा 'त्यांना जमले, आपल्याला का जमत नाही' हा सल घेऊन जाते. माझ्या मते हॉकिंग यांचा उल्लेख करायचाच असेल, तर त्यांना बोलते ठेवणाऱ्या यंत्रांविषयी करावा. १९८५ मध्ये श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया करावी लागल्यावर त्यांचा आवाज गेला आणि पुढे गालाच्या एका स्नायूच्या हालचालीवर ते संगणकाद्वारे बोलत राहिले.

सुरुवातीच्या खुणा अगदी साध्या असतात. शर्टाची गुंडी लागेनाशी होते, किल्ली कुलपात जाते पण फिरत नाही, चालताना एक पाऊल जमिनीला घासते, चप्पल पायातून निसटते आणि ते कळतही नाही. साधारण चारातल्या एकाचा आजार बोलण्यापासून किंवा गिळण्यापासून सुरू होतो. जीभ जड होते, पाणी पिताना ठसका लागतो, आणि दूरध्वनीवर पलीकडचा माणूस 'आज जरा जास्त झाली का?' असे विचारून मोकळा होतो. एकाच तपासणीत निदान व्हावे अशी सोय नाही. मेंदूविकारतज्ज्ञ प्रत्यक्ष तपासणी करतात, ईएमजी म्हणजे स्नायूंतील विद्युत हालचालींची चाचणी घेतात, एमआरआय आणि रक्ताच्या चाचण्यांनी इतर आजार वगळतात. या सगळ्यात पहिल्या लक्षणापासून सरासरी वर्षभर जाते. ज्याच्याजवळ वर्षे मोजकीच आहेत, त्याचे हे एक वर्ष आहे.

एका घोषवाक्याबाबत मात्र सावध राहावे. 'शरीर थकते, बुद्धी शाबूत राहते' हे वाक्य फलकांवर शोभते आणि अनेकांच्या बाबतीत खरेही असते. स्पर्श, दृष्टी आणि ऐकणे सहसा टिकून राहते, डोळ्यांची हालचाल बराच काळ साथ देते. परंतु जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या विचारात किंवा वागण्यात कमी-अधिक बदल होतात, आणि दहातल्या साधारण एकाला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया हा स्मृतिभ्रंशाचा प्रकार जडतो. ज्या घरात असा हट्टी, तुटक, बदललेला माणूस सांभाळला जात आहे, त्या घराला हे घोषवाक्य खोटे पाडते. 'समोरच्या व्यक्तीला सगळे समजते असे धरूनच तिच्याशी बोला' असे सांगावे. त्यात आदरही येतो आणि चुकीचे विधानही होत नाही.

दुसरी पायरी: ज्याचा आजार, त्याची परवानगी

कोणाचे छायाचित्र, नाव किंवा हकीकत वापरण्यापूर्वी त्या व्यक्तीला विचारावे हे उघड आहे. पण एकदा विचारणे पुरेसे नाही. मार्चमध्ये व्हीलचेअरवर हसत बसलेल्या छायाचित्राला दिलेली संमती सप्टेंबरमध्ये नाकाला श्वसनाचा मुखवटा लावलेल्या छायाचित्रालाही लागू होते, असे गृहीत धरू नये. दर वेळी नव्याने विचारावे, उत्तराला वेळ द्यावा आणि 'नको' या उत्तराचे कारण मागू नये. संमती बोलून देणे शक्य नसेल, तर ती कोणत्या खुणेने दिली हे घरातल्या माणसाकडून समजून घ्यावे, मात्र घरातल्या माणसाची संमती ही त्या व्यक्तीची संमती समजू नये. पुष्कळदा घरातल्यांना जगाला सांगायचे असते आणि ज्याला आजार आहे त्याला कोणी पाहू नये असे वाटत असते. किंवा नेमके याच्या उलट असते.

हेही ध्यानात ठेवावे, की या आजारात काहींना कारण नसताना हसू फुटते किंवा रडू कोसळते आणि ते आवरत नाही. त्या क्षणी मनात तशी भावना असतेच असे नाही. चित्रीकरण चालू असताना असे झाले, तर ते थांबवावे, आणि तो भाग 'हृदयस्पर्शी' म्हणून तर मुळीच वापरू नये.

तिसरी पायरी: मागणी एकच, आणि ती नेमकी

'एएलएसविषयी जाणून घ्या' ही मागणी नव्हे. ऐकणाऱ्याने घरी जाऊन, किंवा उद्या कामावर जाऊन, काय करायचे हे त्याला कळले पाहिजे, आणि ते श्रोत्यांनुसार बदलते. सामान्य व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांपुढे बोलायचे असेल, तर वेदना किंवा बधिरता नसताना वाढत जाणारा अशक्तपणा, जिभेचे फडफडणे आणि कारण न सापडलेले अडखळणे दिसल्यास रुग्णाला लवकर मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवा, एवढेच सांगावे. कचेरीत बोलायचे असेल, तर कामाचे तास, बसण्याची जागा आणि आवाजाने किंवा डोळ्यांनी चालणारा संगणक यांविषयी बोलावे. शेजाऱ्यांपुढे बोलायचे असेल, तर आठवड्यातले दोन तास मागावेत.

नुकतेच निदान झालेल्यांसाठी मी स्वतः सर्वांत आधी जी गोष्ट सांगतो, ती म्हणजे आवाज साठवून ठेवणे. बोलणे स्पष्ट आहे तोवर स्वतःच्या आवाजात वाक्ये ध्वनिमुद्रित करून ठेवली, तर पुढे यंत्राद्वारे त्याच आवाजात बोलता येते. काही संगणकीय प्रणाली अशा नमुन्यांवरून कृत्रिम आवाज तयार करतात. पण त्या उपलब्ध नसल्या तरी साध्या मोबाइलवर रोजची वाक्ये नोंदवून ठेवण्यास कोणाची आडकाठी नाही, आणि ते कोणत्याही भाषेत, कोणत्याही बोलीत करता येते. लोक बहुधा गंभीर वाक्ये नोंदवतात आणि मग उपयोगाची राहून जातात. नातवाला हाक मारण्याची खास तऱ्हा, रागावल्यावर तोंडातून निघणारा तो एक शब्द, 'अगं, ऐकलंस का', 'दिवा मालव', 'पुरे झालं आता' हे सगळे नोंदवावे. जीभ जड होऊ लागल्यावर ही सूचना मिळाली, तर ती फार उशिरा मिळालेली असते. म्हणूनच ती सांगण्याचे काम जागृती करणाऱ्यांचे.

चौथी पायरी: कसे बोलावे, हे प्रत्यक्ष दाखवावे

भाषणांपेक्षा एक प्रात्यक्षिक अधिक काम करते, असा माझा अनुभव आहे. एक मोठा पुठ्ठा घ्यावा आणि त्यावर ओळींनी अक्षरे लिहावीत: पहिल्या ओळीत स्वर, मग क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, त्याखाली य-र-ल-व पासून उरलेली व्यंजने, आणि शेवटी काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षराची खूण. आपली वर्णमाला उच्चारस्थानानुसार आधीच वर्गांत बांधलेली असल्यामुळे हा तक्ता कोणालाही पाठ करावा लागत नाही. श्रोत्यांपैकी दोघांना पुढे बोलवावे. एकाने खुर्चीवर बसून हातपाय न हलवता, तोंड न उघडता, फक्त डोळे वर करून 'हो' आणि डोळे मिटून 'नाही' म्हणायचे. दुसऱ्याने ओळी वाचत जायच्या. बसलेल्याच्या कानात एक शब्द सांगावा: पाय.

'स्वर? क-वर्ग? च? ट? त? प?' डोळे वर. 'प?' डोळे वर. मग चिन्हांची ओळ. 'काना?' डोळे वर. आणि इथे विचारणारा हमखास उद्गारतो, 'पाणी!' सभागृह हसते, बसलेला डोळे मिटतो. 'पाणी नको? मग पान? पापड?' पुन्हा डोळे मिटले जातात. शेवटी पुन्हा ओळी वाचाव्या लागतात, 'य' सापडतो, आणि दीड-दोन मिनिटांनी सर्वांना उमगते की पायाला रग लागली होती आणि तो जरासा सरकवायचा होता. त्यानंतर सभागृहात जी शांतता पसरते, तिच्यात तीन सूचना द्याव्यात. समोरच्याने परवानगी दिली असेल तरच शब्द ओळखण्याचा प्रयत्न करावा. वारंवार लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे पाय हलवा, मान सरळ करा, कूस बदला, कफ काढा, खाज सुटली आहे, या वेगळ्या पानावर लिहून ठेवाव्यात आणि आधी ते पान विचारावे. आणि मोठ्याने बोलू नये. कानाला काहीही झालेले नाही.

डोळ्यांच्या हालचालीवर चालणारे संगणक आता उपलब्ध आहेत आणि ज्यांना ते मिळतात त्यांचे जगणे त्यांनी बदलले आहे. तरी वीज जाते, यंत्र बिघडते, अंघोळीच्या वेळी यंत्र समोर नसते. पुठ्ठा असतो.

पाचवी पायरी: कार्यक्रमाची जागा आणि वेळ

२१ जून हा दिवस जगभर एएलएस-एमएनडी जागृती दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी अयन असते, सूर्याची दिशा पालटते. या आजाराच्या वाटचालीतही असे वळण यावे, या आशेने हा दिवस निवडण्यात आला. त्या दिवशी कार्यक्रम ठेवला तर इतर ठिकाणच्या संस्थांच्या कामाचा आधार मिळतो. परंतु तारखेपेक्षा जागा महत्त्वाची, आणि हे मी चूक करून शिकलो आहे. मी आयोजित केलेल्या पहिल्याच सभेत सभागृहाच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या. जागा पाहायला मी दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा त्या पायऱ्या चढून आत गेलो होतो. त्या मला दिसल्याच नाहीत. ज्यांच्यासाठी सभा होती, त्या गृहस्थांची खुर्ची चौघांनी उचलून आत नेली, आणि त्या सबंध वेळात ते आकाशाकडे पाहत होते, कारण मान सावरायला कोणी हात लावला नव्हता. आता मी जागा पाहायला जाताना रिकामी व्हीलचेअर ढकलत नेतो.

उताराची रुंदी, स्वच्छतागृहाचे दार, व्हेंटिलेटर किंवा बायपॅप (मुखवट्याद्वारे श्वसनाला आधार देणारे यंत्र) लावण्यासाठी जवळ विजेचा खटका, कफ काढण्याची वेळ आल्यास आडोशाची खोली, एवढे पाहून ठेवावे. कार्यक्रम एका तासाचा असावा आणि दुपारी असावा. या आजारात सकाळचे आवरण्यातच दोन-तीन तास जातात. रात्री श्वास उथळ झाल्यामुळे पुष्कळांना सकाळी डोके जड वाटते, तेही एक कारण. खाण्याचे पदार्थ ठेवल्यास ते सर्वांना गिळता येतील असे धरू नये, आणि कोणालाही आग्रह करू नये. इथे आग्रहाने ठसका लागतो.

सहावी पायरी: शब्द निवडावेत

'अंथरुणाला खिळलेला', 'दुर्दैवी', 'भोग' हे शब्द टाळावेत, हे बहुतेकांना सांगावे लागत नाही. 'झुंज' या शब्दाविषयी मात्र सांगावे लागते. झुंज म्हटली की जय-पराजय आला, आणि हा आजार आज पूर्ण बरा होत नाही, म्हणजे प्रत्येक जण हरणार असे आपण नकळत जाहीर करतो. काही रुग्णांना स्वतःसाठी हा शब्द आवडतो. त्यांनी तो खुशाल वापरावा, आपण त्यांच्यावर लादू नये. 'एएलएस झालेली व्यक्ती' हा साधा शब्दप्रयोग पुरेसा आहे.

सातवी पायरी: पैसा गोळा करायचा असेल तर

२०१४ च्या उन्हाळ्यात डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याची लाट जगभर पसरली, तिची आठवण पुष्कळांना असेल. अमेरिकेत पीट फ्रेट्स आणि पॅट क्विन या एएलएस झालेल्या दोन तरुणांनी ती उचलून धरली आणि तेथील एएलएस असोसिएशनकडे काही आठवड्यांत सुमारे ११.५ कोटी डॉलर जमा झाले. त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश रक्कम संशोधनाला देण्यात आली आणि २०१६ मध्ये एनईके१ या जनुकाचा आजाराशी असलेला संबंध ज्या प्रकल्पातून पुढे आला, त्याला या निधीचा हातभार होता. ही गंमत म्हणजे निव्वळ दिखावा होता, अशी टीका तेव्हा झाली होती. मला ती अन्यायाची वाटते. तरी नवख्यांनी तिची नक्कल करू नये. त्या वेळी कृती सोपी होती, पुढच्या माणसाचे नाव घेऊन आव्हान द्यायचे होते, आणि पैसा कुठे पाठवायचा हे ठरलेले होते. यातली तिसरी गोष्ट आपल्या हातात असते. म्हणून रक्कम, तिचा उपयोग, हिशेब कोण ठेवणार आणि उरलेल्या पैशाचे काय होणार हे आवाहनाच्या पहिल्या परिच्छेदातच लिहावे. एका कुटुंबासाठी निधी गोळा करताना वेग पाहावा: खुर्चीसाठी सहा महिने निधी जमवला आणि खुर्ची आली तेव्हा मानेला आधार असलेली दुसरी लागत होती, असे होते. वापरलेली उपकरणे एका घरातून दुसऱ्या घरी फिरवण्याची व्यवस्था पुष्कळदा निधीपेक्षा लवकर उभी राहते.

आठवी पायरी: उपचारांविषयी काय सांगावे

कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी बाजूला घेऊन खात्रीच्या औषधाविषयी सांगतेच. आजाराची गती काही प्रमाणात मंदावणारे रिलुझोल हे औषध अमेरिकेत १९९५ पासून मान्यताप्राप्त आहे, आणि त्याने मिळणारा अवधी काही महिन्यांचा असतो. २०२३ मध्ये तेथे मान्यता मिळालेले टोफरसन हे एसओडी१ या जनुकातील दोषामुळे आजार झालेल्यांपुरते आहे. असे रुग्ण शंभरात दोनच्या आसपास असतात. आणखी एका औषधाला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही आणि २०२४ मध्ये कंपनीनेच ते मागे घेतले. बातमी पुढे पाठवण्यापूर्वी हा क्रम आठवावा. रात्री मुखवट्याद्वारे श्वसनाला आधार, गिळणे अवघड होण्याआधी पोटातून अन्न देणारी नळी, आणि मेंदूविकारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ यांनी एकत्र पाहणे, यांचा आयुष्य वाढण्यास आणि सुसह्य होण्यास उपयोग होतो. यात चमत्काराचे काही नाही, म्हणून ते कोणी पुढे पाठवत नाही; आपण पाठवावे. नळी बसवायची की नाही, व्हेंटिलेटर स्वीकारायचा की नाही, हे निर्णय मात्र त्या व्यक्तीचे. आपण माहिती द्यावी, बाजू घेऊ नये.

नववी पायरी: शुश्रूषा करणाऱ्यांसाठी वेळापत्रक

'काही लागले तर सांगा' हे वाक्य काढून टाकावे. रात्री तीनदा उठून कूस बदलणाऱ्या माणसाला काय लागते ते सुचण्याइतकी झोप मिळालेली नसते. त्याऐवजी कागदावर वार मांडावेत आणि 'मंगळवारी चार ते सहा मी येईन, तुम्ही झोपा' असे सांगावे. येणाऱ्याने आधी घरातल्यांसमोर दोनदा सराव करावा: उशी कोठे, मान कशी सावरायची, कफ काढण्याचे यंत्र कसे चालवायचे, अक्षरांचा पुठ्ठा कुठे टांगलेला आहे. वेळापत्रक तीन महिन्यांपुरते करावे आणि मग नव्याने करावे, कारण तोवर गरजा बदललेल्या असतात आणि पहिल्या उत्साहातली निम्मी नावे गळालेली असतात. गळालेल्यांवर रागावू नये. नवी नावे शोधावीत.

या कामात एक दिवस असा येतो, की ज्या व्यक्तीसाठी ते सुरू केले ती नसते. तेव्हा तिचे छायाचित्र असलेला फलक, तिच्या आवाजातली चित्रफीत, तिच्या नावाचे पान यांचे काय करायचे, हे तिलाच आधी विचारलेले असावे आणि तिचे उत्तर लिहून ठेवलेले असावे. विचारणे राहून गेले असेल, तर महिनाभर काहीही नवे प्रसिद्ध करू नये आणि मग घरच्यांकडे जावे. जाताना पुठ्ठा परत मागू नये. तो त्यांना ठेवायचा असतो.